गळ्यात बिल्ला, हातात काही नाही

मैफल सहाची असेल, तर सव्वासहाला स्टेजवर कोण असतं? गायक नाही. तबलजी तर नाहीच. असतो एक काळ्या टी-शर्टातला मुलगा. माइकवर टिचक्या मारत 'हॅलो, चेक, वन, टू' म्हणणारा.

थ्री त्याच्या नशिबात नसतं. टूवरच कुणीतरी ओरडतं, 'अरे ए, ते राहू दे, आधी सोफे पुढे घे!'

हे ओरडणारं कुणीतरी कोण? त्याच्या गळ्यात बिल्ला आहे. बिल्ल्यावर 'संयोजक' असं छापलंय. सभागृहात असे बिल्ले दहा-बारा तरी फिरत असतात. दहा-बारा जणांनी हुकूम सोडायचे आणि एकाने ते पाळायचे, याला आपल्याकडे समन्वय म्हणतात.

सोफ्यांचंच घ्या. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याने प्रेक्षकांत बसावं, ही साधी गोष्ट. लोकांना जे ऐकू येतं तेच त्याला ऐकू आलं, तर तो काही दुरुस्त करणार ना? पण मधल्या रांगेत मिक्सर ठेवला तर प्रायोजकांच्या खुर्च्या जातात. मग मिक्सर जातो विंगेत, खांबामागे, कधी चक्क जिन्याखाली. तिथून त्याला मैफल जेवढी ऐकू येते, तेवढी बाहेरच्या वॉचमनलाही येते.

आणि मध्यंतरात लोक त्यालाच गाठून विचारतात, 'काय हो, तानपुरा ऐकूच येत नाही?'

येणार कसा? त्यालाही येत नाही.

तानपुऱ्याचा विषय निघालाच आहे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बरं झालं. आता तानपुरा उचलायचा कसा, हे स्वयंसेवकांना शिकवणारं एखादं मानांकन निघालं की चिंता मिटली. तोवर त्याचा भोपळा दाराच्या चौकटीवर आपटत राहील आणि 'काही झालं नाही ना?' असं विचारणारे चार जण धावत येतील.

उचलायला मात्र एकटाच होता.

वाद्यं जुळवतात ग्रीनरूममध्ये, पंखा बंद करून. वाजवतात स्टेजवर, हजार-हजार वॉटच्या दिव्यांखाली. तार तापली की सैलावते आणि तानपुरा उतरतो. तबल्याचं चामडं सुकलं की आवळतं आणि तबला चढतो. एक खाली चाललाय, दुसरा वर. मधे गायक. उघड्या मैदानावर डिसेंबरचं दव पडू लागलं की चामडं सादळतं आणि तबलाही उतरायला लागतो. मग हातोडी. ठक, ठक, ठक. श्रोते मान डोलावतात. त्यांना वाटतं, सुरू झालं.

उपाय काय? दिवे आणि एसी तासभर आधी लावा, वाद्यं स्टेजवरच जुळू द्या. इतकंच. पण तासभर आधी स्टेजवर फुलांच्या माळा लावायचं काम चाललेलं असतं आणि एसी लावला की त्याचे पैसे वेगळे पडतात. खजिनदार म्हणतात, लोक आल्यावर लावू. खजिनदारांच्या मते एसी हा लोकांसाठी असतो.

स्टेज मोकळं करा, हे माळावाल्याला सांगायचं कुणी? एसी आत्ता लावा, हे खजिनदारांना सांगायचं कुणी? त्या काळ्या टी-शर्टातल्या मुलाने?

हीच तर मेख आहे. पत्रिकेत 'रंगमंच व्यवस्था' असं एक सदर असतं. त्यापुढे एक नाव असतं. त्या नावावर जबाबदारी सगळी असते. अधिकार म्हणाल, तर पडदा ओढण्यापुरता.

तोही हल्ली मोटारीवर आहे.

दीपप्रज्वलनाचं सांगत बसत नाही. काडेपेटी कुणाकडे, पंखा बंद कोण करणार, पंख्याचं बटण ज्या वायरमनकडे तो चहाला गेलाय कुठे, हे तुम्ही दर वेळी पाहता. समईला पाच वाती आणि पाच पाहुणे. चार वाती लागतात. पाचवे पाहुणे फोटोपुरता हात धरतात.

आता वेळेचा हिशेब मांडू. हा कोणत्याही गावचा, कोणत्याही मंडळाचा, पण उघड्या मैदानावरचा धरा.

सहाला सुरू व्हायचं ते साडेसहाला होतं. प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ आणि मुख्य अतिथींचे दोन शब्द उरकेपर्यंत सव्वासात. मग पहिली गायिका. तिला एक तास दिलाय. ती बिचारी एका तासात आटपते, कारण ती तरुण आहे. मग स्टेज बदलायचं. माइकची उंची, मॉनिटरचा आवाज, पाण्याचे तांबे, सतरंजीची सुरकुती. या वीस मिनिटांत निवेदक एक कविता म्हणतो, जिचा कशाशीही संबंध नसतो. पावणेनऊला बुवा बसतात. जुळवाजुळव होऊन नऊला षड्ज लागतो.

दहाला संपवायचंय.

आपल्याकडे ज्येष्ठ कलाकाराला शेवटी बसवायची रीत आहे. मान म्हणून. म्हणजे दिवसभरातल्या प्रत्येक उशिराची वसुली ज्याचा मान सर्वात मोठा, त्याच्याकडून. अतिथींचे दोन शब्द बुवांच्या विलंबितातून कापून जातात. शाल अतिथींच्या खांद्यावर, भुर्दंड बुवांच्या माथी.

साडेनऊला विंगेतून चिठ्ठी सरकते. 'भैरवी?' बुवा चिठ्ठी वाचतात, घडी घालतात, मांडीखाली ठेवतात. पुढे लय वाढते. श्रोत्यांना वाटतं, काय रंग भरला!

चिठ्ठी पाठवणारा तो रंगमंच व्यवस्थावाला. बुवांना चिठ्ठी पाठवण्याची हिंमत त्याच्यात आहे. सातला अतिथींना ती पाठवायची परवानगी नाही.

मग दहा वाजतात आणि दारात हवालदार उभा राहतो.

ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. सण-उत्सव आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये त्यावर शिक्काही मारला. रसिकांनी हळहळ व्यक्त केली: आता मालकंस कधी ऐकायचा, दरबारी कधी ऐकायची? हळहळ खरी आहे. पण पावणेसात ते सव्वासात या वेळेत आपण काय ऐकत होतो, यावर कुणी हळहळलं नाही.

हवालदाराकडे बघा. त्याला राग कळत नाही. घराणं कळत नाही. अध्यक्ष कोण, प्रायोजक कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो घड्याळ दाखवतो आणि सगळे ऐकतात.

महाराष्ट्रातला एकमेव खराखुरा स्टेज मॅनेजर! तोही गृहखात्याचा.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणायची पद्धत आहे. म्हणू या. पुण्यात 1953 साली भीमसेन जोशींनी गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी महोत्सव सुरू केला. पुढे तो रात्र-रात्र चालायचा. आयोजनात भीमसेन आणि समारोपाच्या गाण्यालाही भीमसेन. आता कार्यक्रम लांबवून दाखवा! मधे कुणी वेळ खाल्ला, तर तो कुणाच्या ताटातला जाणार, हे विंगेतल्या प्रत्येकाला ठाऊक. अशा ठिकाणी भाषण लांबवायला वेगळंच काळीज लागतं.

पण मालक आणि गायक एकच असला की झालं, असंही नाही. गंधर्व नाटक मंडळी 1913 ची. तबल्याला थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष. असे साथीदार आज एका मैफलीला मिळाले तरी पत्रिका सोनेरी छापतील. तिथे ते कंपनीच्या नाटकात वाजवायचे. नायिका बालगंधर्व आणि पुढे मालकही बालगंधर्व. शालू अस्सल, अत्तर अस्सल, कर्जही अस्सल. 'नारायणराव, हा खर्च झेपत नाही,' असं बालगंधर्वांना म्हणायचं कुणी? पडदा ओढणाऱ्याने?

1921 साली मुंबईत 'संयुक्त मानापमान' नाटकाचा प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या, एक रंगमंच. कुणाला किती वन्समोअर, यावर शंभर वर्षं झाली तरी आपण भांडतो. दोन कंपन्यांचे कपडेपटवाले एका ग्रीनरूममध्ये कसे मावले, यावर भांडायला कुणी तयार आहे?

नाही ना? पुढे चला.

खरी व्यवस्था बघायची असेल तर शास्त्रीय संगीताचा मांडव सोडा आणि नारायणगावला जा. चैत्राच्या सुमाराला तिथे तमाशाफडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे जत्रा-कमिटीवाले येतात. राहुटीत फडाचा मॅनेजर बसलेला असतो. सुपारी ठरते. तारीख कोणती, रात्रीचा खेळ की सकाळची हजेरीही, इसार किती, बाकी कधी. कागदावर सगळं येतं आणि जे कागदावर नाही, ते होत नाही. त्यात 'आपलाच कार्यक्रम आहे' हे वाक्य नसतं.

मोठ्या फडाची गाडी गावात शिरली की तंबूवाले तंबूकडे, लायटिंगवाले जनरेटरकडे, आचारी चुलीकडे. 'मी काय करू?' असं कुणी विचारत नाही. दुपारी मोकळं असलेलं रान रात्री थिएटर झालेलं असतं आणि उजाडल्यावर पुन्हा रान. गण कधी, गवळण कधी, वग किती वाजता उभा करायचा, हे ठरलेलं. गावच्या पुढाऱ्याला फेटा बांधतात, नारळ देतात आणि खाली उतरवतात. तो उतरतोही. नाही उतरला तर समोरचं पब्लिक उतरवतं.

फडाला आपल्यासारखे सभ्य रसिक लाभलेले नाहीत, हे फडाचं नशीब.

लगेच गहिवरू नका. फडमालक सावकाराच्या देण्यात असतो, कलावंत आणि कामगार उचलीत अडकलेले असतात आणि एक हंगाम पावसाने किंवा निवडणुकीच्या आचारसंहितेने खाल्ला की पुढचा हंगाम आधीच गहाण. तमाशाचं सगळं बरं चाललंय, असं कुणी म्हणत नाहीये. मुद्दा एवढाच, की तिथे मॅनेजरचा शब्द चालतो. त्याच्यावरून उडी मारून थेट जनरेटरवाल्याला हुकूम द्यायची कुणाची टाप नाही.

आणि आपण त्यांना संस्कृती शिकवायला जातो.

शहरात हल्ली 'इव्हेंट'वाले आलेत. त्यांच्याकडे वॉकी-टॉकी असते. एक म्हणतो, 'आर्टिस्ट अरायव्हिंग, कॉपी?' दुसरा म्हणतो, 'कॉपी.' तिसरा म्हणतो, 'कॉपी, कॉपी.' कलाकार तोवर मागच्या दाराने, स्वतःची बॅग स्वतः उचलून, कुलूपबंद ग्रीनरूमसमोर येऊन उभा असतो.

किल्ली कुणाकडे? कॉपी.

कलाकारही बदललेत. आता ते आधी 'टेक्निकल रायडर' पाठवतात. कोणते माइक, किती, कुठल्या उंचीवर, मॉनिटर किती, चौथरा केवढा, कोण कुठे बसणार, याचा नकाशा. मेहनतीने केलेला कागद. तो आयोजकाकडे येतो. आयोजक तो न उघडता साउंडवाल्याला व्हॉट्सॲपवर पुढे ढकलतो. खाली एकच शब्द: 'बघा'. साउंडवाला अंगठा पाठवतो. त्याने कोटेशन चार माइकचं दिलंय, रायडरमध्ये अकरा आहेत. मग मैफलीच्या संध्याकाळी सगळे मिळून तोंडात बोट घालतात.

कागदावरच्या अंगठ्याला निदान कायदेशीर किंमत असते.

अर्थिंगबद्दल दोन ओळी. स्पीकरमधून जी अखंड घूंऽऽ येते, तिला काही श्रोते तानपुरा समजतात. ती बहुतेक वेळा सदोष अर्थिंगची असते. माइकला हात लावल्यावर गायकाला झटका बसला, तर तो रागाचा प्रभाव नव्हे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1915 साली उभं केलेलं नाट्यगृह, पुढे केशवराव भोसल्यांचं नाव लागलेलं, ऑगस्ट 2024 मध्ये जळालं. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. अख्ख्या महाराष्ट्राने डोळे पुसले. आता डोळे पुसून झाले असतील, तर आपापल्या गावच्या नाट्यगृहातला स्विचबोर्ड उघडून बघा.

नको? बरं.

दिवाळी पहाट हा तर वेगळाच सोहळा. सहाला ध्वनिवर्धक सुरू करता येतो, म्हणून सहाचा कार्यक्रम. रसिक पाचला उठतात, अभ्यंगस्नान करतात, नवे कपडे घालतात आणि 'एवढ्या पहाटे आलो' हे एकमेकांना सांगतात. स्टेज बांधणारे रात्री बारापासून तिथेच असतात. त्यांना उटणं कुणी विचारत नाही. फराळाची पाकिटं येतात ती मोजून, कलाकार आणि पाहुणे धरून. आठला सगळे नाश्त्याला जातात, तेव्हा हे वायरी गुंडाळायला लागतात, कारण दहाला दुसऱ्या मैदानावर भाऊबीजेच्या कार्यक्रमाची बांधणी आहे.

त्यांची दिवाळी कधी? तुळशीचं लग्न लागल्यावर विचारून बघा. तेव्हा ते लग्नाच्या मांडवात असतील.

पैशाची गोष्ट काढली की वातावरण बिघडतं, पण काढू या. व्यावसायिक नाटकात पडद्यामागच्या माणसाला 'नाइट' मिळते. थोडी असेल, पण प्रयोग झाला की हातात. संगीत महोत्सवात मात्र 'सेवा' असते. सेवेला दर नसतो. दर नसला की वेळ नसते, वेळ नसली की जेवणाची सुट्टी नसते. आणि गंमत अशी, की मांडवाला दर असतो, फुलांना असतो, निवेदकाला असतो, अतिथींच्या विमानाला तर असतोच. सेवा नेमकी वायर गुंडाळणाऱ्याच्या वाट्याला येते.

फुकटच्या माणसाला दहाही जण हुकूम सोडू शकतात. पैसे मोजले असते, तर मोजणाऱ्या एकानेच सोडला असता.

टाळेबंदी आठवते? नाट्यगृहं बंद पडली आणि अचानक 'पडद्यामागचे कलाकार' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आला. शिधावाटप झालं, फोटो निघाले, ऑनलाइन चर्चासत्रं झाली. त्यांचा विमा हवा, नोंदणी हवी, निवृत्तिवेतन हवं, असं मान्यवर कळवळून म्हणाले. नाट्यगृहं उघडली. मान्यवर पहिल्या रांगेत येऊन बसले.

आणि पडद्यामागचे कलाकार पुन्हा 'अरे ए' झाले.

शेवटी असतं आभारप्रदर्शन. भैरवी संपलेली, लोक पार्किंगमध्ये, हवालदार दारात. आधी प्रायोजक, मग सहप्रायोजक, मग माध्यम प्रायोजक, मग ज्यांनी सभागृह सवलतीत दिलं ते, मग ज्यांनी दिलं नाही पण पुढच्या वर्षी देतील ते. आणि मग तो अजरामर समास: 'ज्ञात-अज्ञात हातांचे आभार.' तो मुलगा हातभर अंतरावर उभा आहे. दुपारी दोनपासून तिथेच आहे. आभार मानणाऱ्याच्या तोंडासमोरचा माइक त्यानेच धरलाय, कारण स्टँड कुणीतरी सोफ्यांसाठी हलवलं.

तो अज्ञात.

अशाच एका मंडळाच्या बैठकीत कुणा शहाण्याने सूचना मांडली, असं समजा. पुढच्या वर्षी रंगमंच व्यवस्थापक एकच. सगळे हुकूम त्याच्यामार्फत. त्याला मानधन, वेळेचं लेखी कोष्टक आणि मुख्य म्हणजे भाषणाच्या माइकचं बटण त्याच्या हातात. ठरलेली मिनिटं संपली की माइक बंद, समोर कुणी का असेना.

सभासदांनी टाळ्या वाजवल्या. क्रांतिकारी, म्हणाले. सूचना एकमताने मंजूर.

चर्चेअंती किरकोळ दुरुस्ती झाली. बटण महत्त्वाचं आहे, उगाच कुणाचाही हात लागू नये, म्हणून त्याला पेटी करायची. पेटीला कुलूप. किल्ली अध्यक्षांकडे.

आणि अध्यक्ष दोन शब्द बोलायला उभे राहिले.